सर्व्हरचा बॅकअप आणि आयटी संकटातून सावरणं: ठाणे–नवी मुंबईच्या व्यावसायिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे आणि वाशी मार्केट या पट्ट्यातल्या पाच माणसांपासून दीडशे माणसांपर्यंतच्या कंपन्यांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. खालचे प्रश्न आम्हाला फोनवर, चहावर आणि बऱ्याचदा सर्व्हर बसल्यावर रात्री अकरा वाजता विचारले गेलेले आहेत. क्रमाला फारसा अर्थ नाही. आत्ता या क्षणी तुमच्या स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी झळकत असेल तर बाकी सगळं सोडून रॅन्समवेअरच्या (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) प्रश्नावर जा.

आमच्या सर्व्हरला रेड आहे, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिला जातो. एक डिस्क गेली तरी दुसरी असते. मग वेगळा बॅकअप कशाला?

रेड म्हणजे गाडीतली स्टेपनी. एक टायर पंक्चर झाला तर तुम्ही घरी पोचता. गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही तिच्याबरोबर जाते. अकाउंट्समधल्या कुणी चुकून ‘मार्च’ नावाचा फोल्डर उडवला, तर रेड तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी इमानेइतबारे उडवते. व्हायरस, आग, शॉर्टसर्किट, चोरी यांपैकी कशातच ती कामाची नाही. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात आणि सारख्याच झिजलेल्या असतात. एकीने मान टाकली की नव्या डिस्कवर डेटा चढवताना उरलेल्यांवर तासन् तास ताण पडतो, आणि नेमकी तेव्हाच दुसरी जाते.

रोज रात्री एक्सटर्नल हार्डडिस्कवर आपोआप कॉपी होते. एवढं पुरे ना?

कुठल्याही बॅकअपला आम्ही एकच प्रश्न विचारतो: मूळ सर्व्हर ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने ही प्रतही जाईल का? हे चार बाजूंनी तपासायचं. जागा एकच आहे का, विजेची लाइन एकच आहे का, पासवर्ड एकच आहे का, आणि दोन्हींची माहिती असलेला माणूस एकच आहे का.

रबाळ्याच्या एका गाळ्यात आम्हाला बोलावलं तेव्हा सर्व्हरच्या डोक्यावर काळी हार्डडिस्क होती. तिच्यावर पांढऱ्या पट्टीवर मार्करने ठळक लिहिलेलं: ‘बॅकअप – काढू नये’. कुणी काढली नव्हती. दोन वर्षं ती रात्रंदिवस लावलेलीच होती, त्यामुळे रॅन्समवेअरला सर्व्हरच्या सी आणि डी ड्राइव्हनंतर एफ ड्राइव्हही आयता मिळाला. तिघांच्याही फाइलींना एकच विचित्र शेपूट लागलेलं. त्या पट्टीवर ‘काम झालं की काढावी’ एवढं लिहिलेलं असतं तर कारखाना दुसऱ्या दिवशी चालू झाला असता.

याच्या उलट उदाहरण जगप्रसिद्ध आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला जगभर आडवं केलं. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही तेव्हा ठप्प झालं होतं. कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कुणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारे सर्व्हर, सगळीकडून पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली लाइट गेलेली होती. त्या एका प्रतीवरून पुढे सगळं उभं राहिलं. आपल्याकडे नशिबावर अवलंबून राहायची गरज नाही, प्लग आपल्याच हाताने काढता येतो.

ते ३-२-१ म्हणजे नेमकं काय?

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. पीटर क्रोग नावाच्या एका छायाचित्रकाराने हा नियम लोकप्रिय केला. रॅन्समवेअर आल्यापासून त्याला दोन आकडे जोडले जातात: एक प्रत अशी की जी ठरलेल्या मुदतीत कुणालाच, अगदी ॲडमिनलाही, बदलता किंवा पुसता येणार नाही किंवा जिची तारच काढून ठेवलेली असेल, आणि शून्य चुका, म्हणजे रिस्टोअर करून, डेटा परत आणून, तपासलेली.

पंधरा माणसांच्या ऑफिसला हे असं दिसतं: सर्व्हरवर मूळ डेटा, त्याच ऑफिसात दुसऱ्या खोलीत नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) रोजची प्रत, आणि क्लाउडमध्ये लॉक केलेली तिसरी. नॅसचा पासवर्ड सर्व्हरच्या ॲडमिन पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा आणि बॅकअपचं मशीन कंपनीच्या डोमेनला जोडू नका. सोयीसाठी जोडतात. हल्लेखोराच्या हाती डोमेनचा ॲडमिन लागला की ती सोय त्याचीही होते.

ऑफिस वागळे इस्टेटला आणि दुसरी प्रत महापेच्या डेटा सेंटरमध्ये आहे. अंतर पुरेसं आहे का?

आग आणि चोरीसाठी आहे. पाऊस आणि विजेसाठी विचार करावा लागेल.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई असा भेद पावसाने केला नव्हता. नवी मुंबईचा बराच भाग खाडीवर भर टाकून उभा आहे. भरतीच्या वेळी पाणी साठवायला सिडकोने धारण तलाव ठेवले ते उगाच नाही. वीजही तशीच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा–पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांमधल्या बिघाडाने सुरुवात झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली. लोकल जागच्या जागी थांबल्या.

आता यात नीट फरक करा. महापेच्या चांगल्या डेटा सेंटरला मोठे जनरेटर असतात, त्यामुळे तुमचा डेटा तिथे सुखरूप राहतो. अडचण वेगळीच असते. ऑफिसात लाइट नाही, माणसं ठाणे स्टेशनवर अडकलेली, मोबाइलचे टॉवर मान टाकतायत. डेटा आहे, पण काम करायला कुणी पोचू शकत नाही. म्हणून प्रत ठेवण्याची जागा आणि संकटात काम चालवण्याची जागा हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. महापेची प्रत ठेवा, हरकत नाही. तिसरी मात्र हैदराबाद, चेन्नई किंवा दिल्लीकडच्या क्लाउड केंद्रात जाऊ द्या आणि चार जणांना घरून तिथे लॉगिन करता येईल एवढी व्यवस्था आधीच करून ठेवा.

डेटा सेंटर म्हणजे अभेद्य किल्ला, हा समजही सोडा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून गेलं. ज्यांच्या बॅकअपची प्रतही त्याच आवारात होती, त्यांच्या हाती काहीच उरलं नाही. कराराच्या कागदावर ‘बॅकअप समाविष्ट’ एवढं बघून थांबू नका. तो कुठल्या शहरात, हे लेखी विचारा.

बॅकअप किती वेळाने घ्यावा? सगळे आरपीओ, आरटीओ म्हणतात, ते काय?

आरपीओ म्हणजे किती वेळचं काम पुन्हा करायची तुमची तयारी आहे. आरटीओ म्हणजे किती वेळ दुकान बंद ठेवणं झेपेल. (ठाण्यात आरटीओ म्हटलं की लोक आधी लायसन्स काढतात, म्हणून आम्ही बोलताना ‘किती काम गेलं’ आणि ‘किती वेळ बंद’ असंच म्हणतो.)

याचं उत्तर आयटीवाल्याने द्यायचं नसतं, धंदा चालवणाऱ्याने द्यायचं असतं. सीएच्या ऑफिसला मे महिन्यात एक दिवस सर्व्हर बंद असला तर चालतं, रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात एक तासही चालत नाही. वाशीच्या भाजी मार्केटमधल्या एका पेढीवर सर्व्हर ‘रोज पहाटे स्लो होतो’ अशी तक्रार होती. जाऊन बघितलं तर कुणीतरी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे रात्री दोनचा बॅकअप लावलेला. मार्केटमध्ये गाड्या उतरतात, माल तोलला जातो आणि पावत्या फाटतात त्याच वेळी. बॅकअप दुपारी तीनला नेला, तक्रार संपली.

टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी करून ठेवतो. चालेल ना?

सगळे युजर बाहेर पडल्यावर केली तर बऱ्याचदा चालते. कुणी एंट्री मारत असताना केली तर फोल्डर दिसायला पूर्ण असतो आणि उघडताना रडतो. टॅलीत बॅकअप आणि रिस्टोअरची सोय आहे, ती वापरा आणि कॉपी त्या फाइलची करा.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी (खरेदी, विक्री, साठा, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर गोष्ट आणखी नाजूक. तिथे तीन गोष्टी असतात. आठवड्यातून एकदा फुल (सगळ्याचा), रोज डिफरन्शियल (फुलनंतर बदललेल्याचा), आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा, बॅकअप. शेवटचा बहुतेक ठिकाणी लावलेलाच नसतो. परिणाम दोन: दुपारी चारला सर्व्हर गेला तर तुम्ही काल रात्रीवर येऊन पडता, आणि डेटाबेस फुल रिकव्हरी मोडमध्ये (लॉगचा बॅकअप होईपर्यंत प्रत्येक नोंद जपणाऱ्या सेटिंगमध्ये) असेल तर लॉगची फाइल फुगत फुगत एक दिवस सगळी डिस्क खाऊन टाकते. ‘डिस्क फुल, ईआरपी बंद’ हा फोन आला की आम्ही निघण्याआधीच लॉगचा आकार विचारतो.

आमचा २ टीबी डेटा आहे. क्लाउडवर जायला किती वेळ लागेल?

१०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने, अखंड मिळाली असं धरलं तर साधारण ४५ तास. पूर्ण वेग कुणाला मिळतो? ऑफिसचं कामही त्याच लाइनवर चालतं, म्हणून आठवडा धरा. पहिली प्रत शक्य असेल तर हार्डडिस्कवर भरून हाताने पाठवतात. पुढे रोज फक्त बदललेला भाग जातो आणि तो थोडा असतो.

पण खरा हिशोब परतीच्या प्रवासाचा आहे. सर्व्हर जळाला त्या दिवशी तेच २ टीबी त्याच लाइनवरून खाली यायचे आहेत. शेठना आपण ‘क्लाउडवर सगळं आहे’ असं सांगितलेलं असतं, आणि ते दोन तासांत चालू होईल अशा समजुतीत खुर्ची ओढून शेजारी बसतात. म्हणून ऑफिसातली जवळची प्रतही लागते. रोजच्या छोट्या अपघातांसाठी ती, आणि ऑफिसच गेलं तर क्लाउड.

डेटा एवढा मोठा आहे की सगळ्याचा बॅकअप परवडतच नाही.

हे कारण मोठमोठ्यांनीही दिलंय. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणारी जी-ड्राइव्ह नावाची ८५८ टीबीची व्यवस्था त्यात गेली. फार मोठी म्हणून तिची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

आधी डेटा निवडा. आमच्या अनुभवात सर्व्हरचा निम्म्याहून अधिक भाग सीसीटीव्हीचं फुटेज, तीन वेळा कॉपी केलेली तीच ती ड्रॉइंग, आणि सोडून गेलेल्या माणसांच्या लग्नाचे फोटो यांनी भरलेला असतो.

रॅन्समवेअर आलाय. आत्ता काय करू?

नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. शेजारची मशीन निरोगी दिसली तरी तीही सुटी करा. मशीन शक्यतो बंद करू नका, मेमरीत पुरावे असतात. मात्र फाइली डोळ्यांदेखत लॉक होत असतील आणि थांबवायचा दुसरा मार्ग नसेल तर बंद करा. चिठ्ठीचा मोबाइलने फोटो काढा.

आणि बॅकअपची डिस्क लावू नका. हे मुद्दाम वेगळं लिहिलं कारण घाबरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत नेमकं हेच करतो. ‘बघू तरी, बॅकअप ठीक आहे ना’ म्हणून कपाटातली सुरक्षित डिस्क काढून लागण झालेल्या सर्व्हरला लावतो. ती बघायची असेल तर दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर.

मग फोन. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच. विमा असेल तर विमा कंपनीला, मशीन फॉरमॅट करायच्या आधी. ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपोलच्या पुढाकारातून चालणाऱ्या संकेतस्थळावर काही जुन्या प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. तिथे एकदा बघा, फार आशा ठेवू नका.

रिस्टोअरची घाई करू नका. चोर कुठून आला हे कळल्याशिवाय घर पुन्हा मांडलं तर तो पुन्हा त्याच दाराने येतो. लहान कंपन्यांत ते दार बरेचदा घरून काम करता यावं म्हणून थेट इंटरनेटवर उघडलेलं रिमोट डेस्कटॉप (दुरून सर्व्हरचा स्क्रीन वापरायची सोय) असतं. तो आत आल्यापासून स्फोट होईपर्यंत काही आठवडेही गेलेले असू शकतात, म्हणून कालचाच बॅकअप स्वच्छ असेल असं नाही. मागच्या तारखांच्या प्रती ठेवायच्या त्या यासाठी.

पैसे द्यावेत का? आमचं मत नाही. चावी मिळेलच याची हमी नाही, आणि मिळाली तरी त्यांनी नेलेली प्रत त्यांच्याकडेच राहते.

रोज सकाळी ‘बॅकअप सक्सेसफुल’ असा मेल येतो. मग टेस्ट कशाला?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर कमांड मारून सुमारे ३०० जीबीचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पाच-पाच व्यवस्था होत्या, वेळेला एकही धड नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या घोळामुळे कधीचा फेल जात होता, आणि तसं सांगणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीने त्यांची लाज राखली.

आमचीही एक कबुली देतो. एका ग्राहकाच्या फेल गेल्याच्या सूचना आमच्याकडून सोडून गेलेल्या मुलाच्या मेलवर सात आठवडे जात होत्या. आम्हाला वाटत होतं, मेल नाही म्हणजे सगळं ठीक. तेव्हापासून उलटा नियम आहे: यशाचा मेल आला नाही तर सकाळी साडेदहाला फोन.

टेस्ट दोन प्रकारची. दर महिन्याला कुठलीही एक फाइल परत आणून ती *उघडून* बघायची. आणि वर्षातून दोनदा अख्खा सर्व्हर दुसऱ्या मशीनवर उभा करायचा, हातात घड्याळ घेऊन. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत शनिवारी दुपारी चारला आम्ही ही रंगीत तालीम सुरू केली, ‘आठपर्यंत होईल’ म्हणून. बॅकअपला एन्क्रिप्शनचा (डेटा कुलूपबंद करण्याचा) पासवर्ड होता, तो ‘पासवर्ड’ नावाच्या एक्सेल फाइलमध्ये होता, आणि ती फाइल सर्व्हरवर होती. सर्व्हर मेलेला आहे असं आपण मानलं होतं! नशिबाने तालीम होती, उघडून बघता आली. मग ईआरपी उठलं तर त्याचं लायसन्स जुन्या मशीनला बांधलेलं, आणि विक्रेत्याची हेल्पलाइन सोमवारी दहाला सुरू होणार. डेटा संध्याकाळी सातला परत आला होता. पहिलं बिल सोमवारी दुपारी निघालं. आरटीओ विचारलात तर तो हा.

आमचे मेल आणि फाइली गूगलवर, मायक्रोसॉफ्टवर आहेत. त्यांचा बॅकअप असतोच ना?

त्यांची यंत्रणा बंद पडू नये याची काळजी ते घेतात. तुम्ही किंवा तुमच्या नाराज कर्मचाऱ्याने उडवलेलं कायम जपणं हे त्यांचं काम नाही. गूगलच्या कचरापेटीत वस्तू ३० दिवस राहते, त्यानंतर ॲडमिनला आणखी २५ दिवसांत परत आणता येते. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटमध्ये ही मुदत ९३ दिवसांची. एप्रिलमध्ये उडवलेलं ऑडिटला सप्टेंबरमध्ये लागलं तर वेगळी प्रत लागेल.

कायदा काय म्हणतो?

कंपनी असाल तर इलेक्ट्रॉनिक हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून रोज. वह्या जपायच्या ८ वर्षं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. सर्ट-इननुसार यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी (लॉग) १८० दिवस. ग्राहकांची वैयक्तिक माहिती जपण्यात कसूर झाली तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. तुम्हाला यातलं काय लागू होतं ते सीएला विचारा, आम्ही तारा जोडणारी माणसं.

पावसाळ्याआधी सर्व्हररूममध्ये काय बघावं?

सर्व्हर आणि यूपीएस जमिनीवर नकोत. तळमजल्याच्या गाळ्यात तर नाहीच, वंदना टॉकीजच्या परिसरात दुकान असलेल्यांना हे सांगावं लागत नाही. एसीचं पाणी नेणारा पाइप रॅकच्या डोक्यावरून जात असेल तर आजच वळवा. पुरापेक्षा या पाइपाने भिजवलेले सर्व्हर आम्ही जास्त पाहिलेत. यूपीएसची बॅटरी लोड लावून तपासा, तीन वर्षं झाली असतील तर पैसे बाजूला ठेवा.

पाणी गेलंच तर चालू करून बघू नका. हेअर ड्रायर नको, उन्हात वाळवणं नको, तांदळात पुरणं तर नकोच. डिस्क तशीच पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे.

बजेट फार नाही. कुठून सुरुवात करू?

दोन एक्सटर्नल डिस्क. एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘ब’. आज अ लागेल, उद्या ब, आणि जी लागलेली नाही ती मालकाच्या घरी. किती तारखेला कुठली नेली हे साध्या वहीत लिहा. डिस्क एन्क्रिप्ट करा, कारण ती लोकलच्या गर्दीतून प्रवास करणार आहे.

आमचा आयटीवाला सगळं बघतो. तो गणपतीला गावी गेला तर?

तर कोकणात रेंज असलेल्या जागी तो येईपर्यंत तुम्ही बसून राहाल. त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या: कुठला सर्व्हर काय करतो, प्रती कुठे आहेत, एन्क्रिप्शनचा पासवर्ड, लायसन्सचे क्रमांक, इंटरनेटवाल्याचा आणि ईआरपीवाल्याचा नंबर, आधी काय उठवायचं आणि मग काय. पाकीट बंद करून तिजोरीत ठेवा आणि त्याच्या नसण्याच्या एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी तो कागद वाचून एक फाइल परत आणायला सांगा. आमच्या एका ग्राहकाकडे हे काम रिसेप्शनवरच्या ताईंनी केलं. तिसऱ्या ओळीला अडल्या, कारण तिथे ‘नेहमीचा पासवर्ड’ असं लिहिलं होतं.